उंबरठ्यावरचा व्हॅम्पायर

"मॅडम, हे काही बाहेरचं तर नसेल ना?"

ताईंनी पर्समधून घडी घातलेले कागद काढून टेबलावर ठेवले. मुलीच्या मोबाइलमधल्या मजकुराचे स्क्रीनशॉट होते, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेले. काही ओळींवर पिवळा मार्कर फिरवलेला. 'त्याचे दात तिच्या मानेला टेकले आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.' मुलगी दहावीत, पंधरा वर्षांची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात मोबाइल घेऊन एका ॲपवर प्रेमकथा लिहायची. नायक व्हॅम्पायर, म्हणजे माणसांचं रक्त पिणारा मुडदा; नायिका रूप बदलणारी. सव्वीस भाग लिहून झाले होते आणि आईला त्यातल्या एकाचाही पत्ता नव्हता.

(मायलेकींना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलीला मीरा म्हणू.)

मी मुलांचं समुपदेशन करते, ही काळजी माझ्याकडे नेहमी येते. कधी व्हॅम्पायरच्या जागी इच्छाधारी नाग असतो, कधी जपानी कार्टूनमधला राक्षस. प्रश्न मात्र तोच: असलं वाचून, लिहून पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल का? या घरात तर आत्याने एका 'जाणत्या'कडे न्यायचा वारही ठरवला होता. तिथे मी जरा कडकच बोलले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि तेवढं झालं नाही तरी, आपल्यात काहीतरी शिरलंय असं घरच्यांना वाटतंय, एवढंच पंधरा वर्षांच्या मुलीला मोडायला पुरतं.

ताईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लहानपणी भुतांच्या गोष्टी ऐकल्यात का, असं विचारलं तर चेहराच खुलला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला भल्यामोठ्या चपला वाहायच्या, केळ्यांचा घड द्यायचा, सगळं हातवारे करून सांगितलं.

"भीती नाही वाटायची?"

"त्याची कशाला वाटेल? तो आपला."

"आणि हा?"

"हा कुठला कोण, मॅडम! दात लावतोय पोरीच्या मानेला!"

आम्ही दोघीही हसलो. पण ताई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या, ते पुढे कळलं.

मीराला दुसऱ्या दिवशी एकटीला भेटले. आल्या आल्या तिने कागदांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मी कागद फाइलमध्ये ठेवले आणि सांगितलं, "तू जे बोलशील ते माझ्याकडे राहील. तुला कुणाकडून धोका आहे किंवा तू स्वतःला इजा करते आहेस असं वाटलं, तरच आईला सांगावं लागेल. तेही तुला आधी सांगून." मग जे विचारायचं ते सरळ विचारलं. हातावर, मांडीवर ब्लेड वगैरे? मरावंसं वाटतं? कुणी ऐकू येतं, दिसतं? आपण खरंच तशा आहोत असं वाटतं? असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसतं ते भरतं, हा समज मोठ्यांचा. मुलांना बहुधा सुटल्यासारखं वाटतं.

मीराने डोळे मोठे केले. "मॅम, मला रक्त बघून चक्कर येते. सायन्सच्या लॅबमध्ये बोटाला सुई टोचली तेव्हा मी पडले होते."

जेवण ठीक, दोन जिवाभावाच्या मैत्रिणी, मार्कही फारसे घसरलेले नव्हते. चिडचिड होती, पण या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि ही दोनला झोपून सहाला क्लाससाठी उठायची. त्या चिडचिडीसाठी व्हॅम्पायर शोधायची गरज नव्हती.

मग मी म्हटलं, "गोष्ट सांग."

अर्धा तास ती थांबली नाही. सुरुवातीला मलाच शिकवलं. मूळच्या लोककथांमधला व्हॅम्पायर देखणा वगैरे नसतोच म्हणे. अठराव्या शतकात सर्बियाच्या खेड्यांमधून ज्या तक्रारी गेल्या त्यांतला तो फुगलेला, लालबुंद मुडदा. ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाने १७५५ मध्ये आपला वैद्य फान स्वीटेन याच्याकडून चौकशी करवली आणि त्याने हा सगळा अडाणीपणा ठरवला. कोट घातलेला रुबाबदार उमराव आला तो पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या १८१९ च्या कथेत. आरशात न दिसणं आणि बोलावल्याशिवाय घरात पाऊल न टाकणं हे दोन नियम तिने १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतून उचलले होते. हे सगळं तिने स्वतः शोधून वाचलेलं. इतिहासाच्या पेपरात हिला बावन्न मार्क होते, हे मला नंतर कळलं.

तिचा नायक एड्रियन रोमानियातला. ब्रानच्या किल्ल्याजवळ राहतो, पण बोलतो आपल्या कॉलेजरोडवरच्या मुलासारखा. नायिका लूना, रूप बदलणारी. मला वाटलं लांडगीबिंडगी होत असेल. तसं नव्हतं. समोरच्याला जे हवं ते लूना होते. आजीसमोर मांजर, शिकारी कुत्रा हवा असलेल्यांसमोर कुत्रा, राजवाड्यात मोर. सतराव्या भागात ती आरशासमोर उभी राहते आणि आपलं मूळ रूप कोणतं होतं तेच तिला आठवत नाही. शेजारी एड्रियन उभा. आरशात तो नाहीच. त्याला एकही चेहरा नाही, हिला इतके की मोजता येत नाहीत. आणि ती कुठल्याही रूपात असली तरी तो तिला ओळखतो, नुसत्या हृदयाच्या ठोक्यांवरून.

हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

"लूनाला दिवसभरात किती रूपं घ्यावी लागतात?" मी विचारलं.

तिने बोटांवर मोजली. घरी शहाणी, क्लासमध्ये हुशार, मैत्रिणींत हसरी, पाहुण्यांसमोर गाणं म्हणणारी. चार बोटं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण लूनाची मोजत नाही आहोत. मी काहीच बोलले नाही. टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. काळजीची गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली. मी सहज विचारलं, तुझी कथा कोण कोण वाचतं? तर त्यात एक वाचक होता. प्रत्येक भागाखाली पहिली प्रतिक्रिया त्याची. मग मेसेज. वय 'चोवीस' सांगितलेलं. 'लूना म्हणजे तूच ना? मी ओळखलं.' नंतर दुसऱ्या ॲपवर बोलू या, मग फोटो पाठव, मग 'घरच्यांना नाही कळणार हे, आपल्या दोघांचं आहे.' फोटो तिने पाठवला नव्हता. पण उत्तरं देत होती आणि त्याच्या मेसेजची वाट बघत होती. सहा आठवडे.

ताईंच्या पिवळ्या मार्करखाली हे कुठेच नव्हतं. दातांच्या ओळी सापडल्या, दात राहून गेले.

या प्रकारच्या कथांमध्ये मला खुपतं ते रक्त नव्हे. तीनशे वर्षांचा नायक सतरा वर्षांच्या मुलीच्या खिडकीशी रात्रभर उभा राहतो, तिने कुणाशी बोलावं ते ठरवतो, आणि याला प्रेम म्हणतात. ते वाचू नका असं मी मुलींना सांगत नाही, सांगून उपयोगही नसतो. त्याच कथेत शिरून बोलते. मीराला विचारलं, "एड्रियन लूनाच्या घरी पहिल्यांदा येतो तेव्हा काय करतो?"

"उंबरठ्यावर थांबतो. ती 'ये' म्हणेपर्यंत."

"ती नाही म्हणाली असती तर?"

"गेला असता. तो तसाच आहे."

"आणि हा चोवीसवाला? तू फोटो नाही म्हणालीस, मग?"

बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "तो दार वाजवतच राहिला."

आईला का नाही सांगितलंस, यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: मोबाइल काढून घेतला असता, कथा पुसली असती. आईला आता सांगावंच लागेल, हे मी तिला आधी बोलले. तिने स्वतःच सांगायचं ठरवलं, मी शेजारी बसायचं. ताईंनी हात उगारला नाही, पण डोळे गच्च मिटून घेतले. त्या माणसाला ब्लॉक करण्याआधी सगळे मेसेज जपून ठेवायला लावले आणि वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली. अठराखालच्या मुलीशी असं वागणं हा गुन्ह्याचा विषय आहे, नुसता मनस्तापाचा नाही. असं काही घडलं आणि कुठे जावं सुचेना, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

कथा बंद करायची नाही, असं आमचं ठरलं. अकरानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत. लिहायचंच असेल तर वही. मेसेजची सोय बंद. आणि ताईंनी तिची वही, मोबाइल तिला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. ताईंना हे शेवटचं कलम फार जड गेलं. "माझ्याच घरात मी विचारायचं?" दोन भेटी यावरच गेल्या. त्यांच्या जागी मी असते तर मलाही जड गेलं असतं, हे मी त्यांना सांगून टाकलं.

शेवटच्या भेटीला ताई एकट्याच आल्या. कागद नव्हते. रविवारी सकाळी मीराच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, म्हणाल्या.

"मी बाहेरूनच विचारलं, आत येऊ का? आतून आवाज आला, दहा मिनिटं थांब, लूना उंबरठ्यात आहे."

"मग?"

"मग काय, थांबले. हातात पोह्यांची बशी. गार झाले सगळे."