नाक हरवलेला मेजर आणि तुमची मुलगी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, मार्क चांगले, आणि आता म्हणते की एकोणिसाव्या शतकातल्या रशियन साहित्यातला ‘मी’ या विषयावर संशोधन करणार. ‘हे खूळ कसं उतरवायचं?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी खूळ समजून घेऊ. रशियाच्या झार पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये सरकारी सेवेची १४ पायऱ्यांची उतरंड ठरवून दिली. माणूस कोण, हे पायरीवरून ठरायचं. रशियन लेखक गोगोलच्या ‘नाक’ (१८३६) या कथेत आठव्या पायरीवरचा कोवाल्योव्ह स्वतःला मेजर म्हणवून घेतो. एका सकाळी त्याचं नाक गायब होतं आणि पाचव्या पायरीच्या अधिकाऱ्याच्या थाटात पीटर्सबर्गमध्ये हिंडताना दिसतं. स्वतःच्याच नाकाशी बोलताना तो चाचरतो, कारण नाक हुद्द्याने मोठं! दहा वर्षांनी आलेल्या दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीत गोल्याद्किन या सरकारी नोकराला ऑफिसात हुबेहूब दुसरा गोल्याद्किन भेटतो आणि हळूहळू त्याचीच जागा बळकावतो. हुद्दा काढला तर खाली कोण उरतं? प्लेसमेंटच्या तोंडावर तुमच्या मुलीला हा प्रश्न छळतोय, यात मला नवल वाटत नाही.

दोस्तोयेव्हस्की स्वतः लष्करी इंजिनिअर. १८४३ ला शिक्षण संपलं, पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. हे ती तुम्हाला ऐकवेलच. पुढे कर्जाने त्याला किती नाडलं, ते तुम्ही तिला ऐकवा.

माझी हरकत वेगळी आहे. तिने हे सगळं इंग्रजीतून वाचलंय. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६४ च्या कादंबरीतला भुयारातला माणूस सुरुवात करतो: ‘या चेलोवेक बोल्नोय’. म्हणजे मी, माणूस, आजारी; रशियनमध्ये इथे ‘आहे’ नाहीच. लगेच शब्दक्रम फिरतो: ‘या ज्लोय चेलोवेक’. आता ‘ज्लोय’ म्हणजे दुष्ट, खुनशी की खवट? या एका शब्दावर त्याचा सगळा ‘मी’ उभा आहे, आणि तो तिला दुसऱ्याच्या भरवशावर वाचावा लागतोय.

म्हणून डिग्री पूर्ण होऊ द्या, पण याच वर्षी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनला नाव घालू द्या. सहा विभक्त्या घोकूनही उत्साह टिकला, तर जेएनयू, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ), मुंबई विद्यापीठ यांची चौकशी करू. नाही टिकला, तर फी गेली, एवढंच. भाषा आली आणि साहित्य सुटलं तरी वाया जाणार नाही: नाशिकजवळ ओझरला सुखोई ही रशियन लढाऊ विमानं बनली, तमिळनाडूत कुडनकुलमला रशियन अणुभट्ट्या आहेत. तांत्रिक रशियन वाचणारा इंजिनिअर अशा कामांना लागतो.

तोवर ‘नाक’ तुम्हीही वाचा. तासाभरात होते.