प्रेम आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या युवा गटाचा प्रमुख सगळ्यांचा लाडका आहे, मनापासून सेवा करतो, पण नाताळच्या शिबिराचा हिशेब अजून दिलेला नाही. विचारलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणतो.

विचारा, आणि लवकर विचारा. मी वास्कोतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. तोंडावर विचारलं नाही तर उपासनेनंतर गेटपाशी कुजबुज सुरू होते, आणि ज्याच्याबद्दल ती चालते त्याला आपली बाजू मांडायला जागाच उरत नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे.

यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीच्या कामावर प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याला पाठवलं. तीत त्याचा अगदी विश्वासातला, तरी सोबत आणखी दोन बंधू दिले, एवढ्या रकमेवरून कुणी दोष लावू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 8, सगळ्या गटाने मिळून वाचा.

आमच्याकडे दानाची पेटी एकट्याने उघडत नाहीत. मागच्या खोलीत टेबलावर ती उपडी करतात. एक जण चुरगळलेल्या नोटा सरळ करतो, दुसरा नाण्यांच्या चळती लावतो, मग वहीत आकडा आणि दोघांच्या सह्या. पैसे ठेवणारा खजिनदार तिसराच. पाळकांनाही हाच नियम, त्यामुळे कुणाला अपमान वाटत नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर 1983च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम 537 प्रमाणे प्रत्येक पॅरिशला (स्थानिक धर्मग्रामाला) अर्थसमिती लागतेच, आणि कलम 1287 प्रमाणे लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा लागतो. गोव्यात फाब्रिका, म्हणजे चर्चची मालमत्ता आणि पैसे सांभाळणारी समिती, असतेच, तिथल्या कुणाला तरी मदतीला घ्या.

आता कसं विचारायचं. मत्तय 18 प्रमाणे आधी एकट्याने, त्याच्या घरी जाऊन. "शिबिराची बिलं काढ, आपण दोघं बसून जुळवू," एवढंच म्हणा. पुष्कळदा पैसे कुठे गेलेले नसतात, बसची आणि जेवणाची बिलं कुठल्यातरी पिशवीत पडून असतात आणि लिहायचं राहून गेलेलं असतं. खरंच तफावत निघाली तर समितीपुढे नेण्याआधी त्याला सांगा. पैशांचं काम काढून घ्या, पण त्याला तोडू नका. प्रार्थनेला, जेवणाला बोलवत राहा. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तरी येशूने त्याला "माझ्यावर प्रेम आहे का?" असं तीनदा विचारून मेंढरं त्याच्याकडेच सोपवली.

एक गोष्ट मात्र वेगळी. लहान मुलांशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं तर घरी जाऊन समजूत काढत बसू नका. 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो नेता कितीही प्रिय असो.

तुमच्या बाबतीत प्रमुख बदलायची घाई नको. पुढच्या शिबिराची वर्गणी घ्यायच्या आधी खजिनदार दुसरा नेमा, आणि त्याचं नाव त्या प्रमुखालाच सुचवू द्या.