बाबा गप्प झालेत? आधी एवढंच करा

आई गेल्यापासून बाबा "काही नाही, गुडघा दुखतो" एवढंच बोलतात, असं तुम्ही म्हणता. आमच्या आईचंही तसंच होतं. वर्षभर आम्ही गॅसच्या गोळ्या आणत बसलो. म्हातारपणी नैराश्य बऱ्याचदा अंगदुखी, पहाटे तीनला उघडणारे डोळे, ताटात टाकलेली पोळी अशा वेशात येतं. रोज शब्दकोडं सोडवणारा माणूस पेपरची घडीही मोडत नाही, याकडे लक्ष ठेवा.

सुरुवातीला तीनच गोष्टी:

१. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, बी१२ तपासून घ्या, चालू गोळ्याही दाखवा. मग मानसोपचारतज्ज्ञ. बिचकत असाल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.

२. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. "फरक नाही" किंवा "आता बरंय" म्हणून परस्पर बंद करू नका. बरीच घरं इथेच चुकतात. आम्हीही चुकलो.

३. रोज एक ठरलेलं काम द्या. आईपुढे मी मेथीची जुडी ठेवायचे. चार दिवस तशीच पडून. पाचव्या दिवशी "किती जून आणलीस गं!" म्हणून ओरडली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"मन रमवा" हा उपदेश नको. संध्याकाळी सोबत कोपऱ्यापर्यंत चालून या. "आता जगून काय करायचं" म्हणाले तर मात्र विषय बदलू नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे शांतपणे थेट विचारा, त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषधांची नावं, डोस यात आत्ता शिरू नका. तपासण्या झाल्या की कळवा.