परीक्षेची तारीख दोघांनी मिळून ठरवा

सीसीएनएचा, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेचा, अभ्यास सुरू करताय, घरी लहान मूल आहे, आणि रोज रात्री एकपर्यंत जागायचं ठरवलंय. तेवढं मात्र करू नका. मी तेच केलं होतं. दुसऱ्या महिन्यात सबनेटिंगचं (नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याचं) साधं गणितही डोक्यात शिरेना, आणि मुलीशी बोलताना माझा आवाज चढायला लागला. मला वाटायचं आळस आलाय. पार थकून गेलो होतो, हे फार उशिरा कळलं.

घर जागं होण्याआधीचा एक तास घ्या. नुसते व्हिडिओ बघण्यापेक्षा पॅकेट ट्रेसर या नेटवर्क सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं), ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत मार्ग ठरवायची पद्धत) लावून बघा, बिघडवा, परत लावा. थकलेलं असताना माझ्या तरी तेवढंच लक्षात राहायचं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सरावाचे प्रश्नसुद्धा नकोत.

तारीख मात्र जोडीदाराशी बोलूनच घ्या. परीक्षा १२० मिनिटांची, प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं; महिनाभर उशीर झाला तर खरंच काही बिघडत नाही. झोप उडाली किंवा चिडचिड थांबेना, तर चार दिवस पुस्तक मिटून ठेवा आणि घरी तसं सांगून टाका.