घड्याळाचा श्वासाचा व्यायाम करताना चक्कर येते, आणि स्ट्रेसचा आकडाही उतरत नाही

आधी चक्करेचं बघू, कारण ती थांबवणं सोपं आहे. श्वासाचा वेग कमी झाला की माणूस नकळत प्रत्येक श्वास छाती फुटेस्तोवर घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास सावकाश हवा, मोठा नको. नाकाने, पोट हलकंसं वर येईल एवढाच घ्या: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६. मुंग्या आल्या तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

ॲपल वॉचमध्ये हा वेग मुळात मिनिटाला ७ असतो. फोनच्या वॉच ॲपमध्ये माइंडफुलनेस उघडून तो ६ करा आणि तिथेच कंप ठळक ठेवा, म्हणजे डोळे मिटून बसता येतं. स्क्रीनकडे टक लावून व्यायाम करू नका.

आता आकडा. घड्याळाला ताण कळत नाही. त्याला हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं, तेही हिरव्या प्रकाशातून अंदाजाने. चहा, भरपेट जेवण, ताप, अपुरी झोप, सगळ्यांनी तो आकडा चढतो. उलट सावकाश श्वासाने एचआरव्ही (त्या अंतरातला चढउतार, ज्यावरून स्ट्रेसचा आकडा काढतात) त्या पाच मिनिटांपुरता आपोआप वाढतो, म्हणून तेव्हाचं मोजमाप बाकीच्या दिवसाशी जोडूच नका. रात्रीच्या झोपेतले आकडे दोन-तीन आठवडे शेजारी ठेवून बघा.

ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा का? रोजच्या सरावाला गरज नाही. पण स्वतःचा नेमका वेग शोधायचा असेल तर जरूर घ्या. ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ अशा वेगांनी प्रत्येकी दोन मिनिटं श्वास घ्या आणि ठोके किती झुलतात ते पाहा. समजा, श्वास घेताना मिनिटाला ७८ ठोके आणि सोडताना ६२, म्हणजे झोका १६ चा. तो सर्वांत मोठा जिथे, तो तुमचा वेग. मनगटावर दिसणारा आकडा बहुधा काही सेकंदांची सरासरी असतो, त्यामुळे तिथे हा झोका सपाट दिसतो. पट्ट्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायला विसरू नका. कोरडे राहिले की एखादा ठोका निसटतो आणि एचआरव्ही खोटाच फुगतो.

घड्याळच वापरणार असाल तर ते मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा. हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणा.

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) किंवा पेसमेकर असेल तर एचआरव्हीवरून काढलेले हे आकडे धरूच नका. व्यायाम मात्र डॉक्टरांना विचारून करा.