एप्रिलमध्ये आई-वडिलांना घेऊन ट्यूलिपची शेते, संग्रहालये आणि वारसास्थळे पाहायची असतील, तर युरोपची सहल कशी आखावी?

आपण लिहिले आहे की एप्रिलच्या उत्तरार्धात सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन नऊ दिवसांसाठी युरोपला जायचे आहे, फुलांची शेते, संग्रहालये आणि जागतिक वारसास्थळे असे तिन्ही पाहायचे आहे, आणि त्यासाठी पाच देशांची तयार सहल घ्यावी की स्वतः आखणी करावी, हे ठरत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पाच देशांचा नाद सोडावा, मुक्काम नेदरलँड्समध्येच ठेवावा आणि फार तर एक दिवस बेल्जियममधील अँटवर्पला द्यावा. नोकरीनिमित्त मी काही वर्षे लायडनमध्ये राहिले आहे आणि माझ्याकडे आलेल्या ज्येष्ठ मंडळींना हा परिसर फिरवून दाखवला आहे. पाच देशांच्या सहलीत ट्यूलिपच्या वाट्याला एखादी दुपार येते आणि उरलेला वेळ बसमध्ये जातो. इथे मात्र शेत, चित्र आणि वारसास्थळ एकमेकांना इतके लागून आहेत की एक नीट पाहिले की दुसरे आपोआप उलगडत जाते.

प्रथम तारखांविषयी. मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला डॅफोडिल आणि हायसिंथ फुलतात. ट्यूलिपचा खरा बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो, आणि थंडी लांबली की तोही पुढे सरकतो. त्यामुळे आपण निवडलेला काळ योग्य आहे. फक्त २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस सार्वजनिक उत्सव म्हणून साजरा होतो, तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये आणि रेल्वेगाड्यांत प्रचंड गर्दी असते. त्या दिवशी वयस्कर माणसांना घेऊन शहरात जाऊ नये.

लिसे गावातील क्युकेनहॉफ हे शेत नसून बाग आहे, हे आधी लक्षात घ्यावे. १९५० पासून दर वसंतात जेमतेम आठ आठवडे ती लोकांसाठी खुली असते, ३२ हेक्टरांवर पसरलेली आहे आणि दर शरद ऋतूत तिथे सुमारे ७० लाख कंद हातांनी लावले जातात. ती सुंदर आहे यात वाद नाही, आणि पायवाटा सपाट असल्याने चाकाच्या खुर्चीवरूनही सहज फिरता येते. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावे आणि सकाळी दार उघडताच आत जावे. अकरानंतर पर्यटकांच्या बस येऊ लागल्या की फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसतात.

शेते पाहायची ती हार्लेम आणि लायडन यांच्या मधल्या पट्ट्यात. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमागची ही रेताड, निचऱ्याची जमीन कंदांना फार मानवते. लायडनहून हार्लेमला जाणाऱ्या साध्या रेल्वेगाडीच्या खिडकीतूनही हिलेगोमच्या आसपास रंगांचे पट्टे दिसतात, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांनीही हा प्रवास अवश्य करावा. इथल्या शेतकऱ्याचे पीक फूल नाही, कंद आहे. फूल झाडावर ठेवले तर ताकद बी धरण्यात जाते आणि कंद पोसत नाही. म्हणून बहर तपासून झाला की यंत्राने सगळी फुले खुडून टाकतात. काल लालभडक दिसलेले शेत आज निव्वळ हिरवे दिसू शकते, ते याच कारणाने.

मग फूल उमलू तरी का देतात, असा प्रश्न पडेल. रोगट झाड आणि भेसळीचे वाण ओळखायला पाकळ्या उघडलेल्या असाव्या लागतात. शेताच्या कडेला थोडा वेळ थांबलात, तर छत लावलेली एक बुटकी गाडी वाफ्यांवरून अगदी संथ सरकताना दिसू शकते. तिच्यावर बसलेला माणूस मान खाली घालून एकेक फूल निरखत जातो, आणि एखाद्या लाल पाकळीवर पांढरट रेघ दिसली की ते झाड कंदासकट उपटून बाजूला काढतो. ती रेघ विषाणूची खूण असते आणि मावा हा कीटक तो विषाणू झाडावरून झाडावर नेतो. एक झाड राहिले तर पुढे सबंध वाफा हातचा जाऊ शकतो. म्हणूनच कुणाच्या शेतात फोटोसाठी शिरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. झाडे तुडवली जातात आणि बुटांच्या मातीबरोबर रोगही पसरतो.

हे दृश्य डोळ्यांत असतानाच द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात जावे. डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ आणि ‘डेल्फ्टचे दृश्य’ या चित्रांसाठी लोक तिथे जातात, पण आपण सतराव्या शतकातील चित्रकार अम्ब्रोसियस बोस्शार्टने काढलेल्या, खिडकीतल्या फुलदाणीच्या चित्रापुढेही उभे राहावे. त्यातल्या ट्यूलिपच्या पाकळ्यांवर ज्वाळेसारख्या रेघा आहेत. गाडीवरचा माणूस जी रेघ दिसताच झाड उपटतो, तीच ही! सतराव्या शतकात विषाणू ठाऊक नव्हता. कोणता कंद असा ‘फुटेल’, म्हणजे रेघांचे फूल देईल, हे सांगता येत नसे, आणि त्या अनिश्चिततेमुळेच रेघांच्या फुलांना अफाट किंमत येत होती. १६३७ च्या फेब्रुवारीत हा सट्टा कोसळला. ही रेघ विषाणूमुळे उमटते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. माझ्या मते सगळ्या सहलीत या दोन थांब्यांची जोडी चुकवू नये. शेत सकाळी आणि चित्र दुपारी, असे एकाच दिवशी जमते. संग्रहालयही लहान आहे, दोन तासांत निवांत पाहून होते आणि आई-वडील दमत नाहीत.

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्यूझियम मात्र अवाढव्य आहे आणि ते पूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नये. रेम्ब्रांटचे १६४२ चे ‘नाइट वॉच’, व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आणि आशियाई दालनातील चोळकालीन नटराज एवढे पाहिले तरी अर्धा दिवस सार्थकी लागतो. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून रेखाटने केली होती, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. ती चित्रे ॲमस्टरडॅमच्या बंदरापर्यंत पोचली होती, हे ध्यानात ठेवून त्याच्या दालनात फिरावे. व्हॅन गॉग संग्रहालयाचे तिकीटही वेळेसह आधीच घ्यावे लागते. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि पटकन संपतात. तिथले जिने अतिशय उभे आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करून ठरवावे.

लायडनच्या वनस्पती उद्यानात एक सकाळ घालवावी. १५९० साली विद्यापीठाने स्थापन केलेल्या या उद्यानाची जबाबदारी घ्यायला वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लूसियस १५९३ मध्ये आला आणि त्याने लावलेल्या कंदांपासून हॉलंडच्या ट्यूलिपची कहाणी सुरू होते. या क्लूसियसचे गोव्याशी नाते आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्याचा लॅटिन संक्षेप क्लूसियसने केला. तो १५६७ मध्ये अँटवर्पला क्रिस्टोफ प्लांटिनच्या छापखान्यातून निघाला. तो छापखाना, म्हणजेच आजचे प्लांटिन-मोरेटस संग्रहालय, २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुनी यंत्रे, खिळ्यांचे खण, मुद्रितशोधकांची खोली, सगळे तिथे जागच्या जागी आहे. सोमवारी ते बंद असते. अँटवर्पसाठी एक दिवस ठेवा असे मी सुरुवातीला म्हटले, ते यासाठीच.

वारसास्थळांपैकी किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या सर्वांना माहीत असतात. बहुतेक १७४० च्या सुमारास बांधलेल्या या चक्क्या दळणासाठी नसून सखल जमिनीतले पाणी उपसण्यासाठी होत्या, आणि रॉटरडॅमहून तिथे बोटीने जाता येते. पण फुले आणि वारसा एकत्र पाहायचा असेल तर माझी पसंती स्खोकलंडला आहे. हे पूर्वी समुद्रातले बेट होते. पाण्याने ते इतके खाल्ले की १८५९ मध्ये राजाच्या हुकमाने रहिवाशांना ते सोडावे लागले. पुढे भोवतालचा समुद्रच अडवून उपसला गेला, १९४२ मध्ये नोर्डोस्टपोल्डरची जमीन कोरडी झाली आणि बेट शेतांच्या मधोमध किंचित उंचवटा होऊन राहिले. आज त्याच्याभोवती, जुन्या समुद्रतळावर, ट्यूलिपची मोठमोठी शेते आहेत. जवळच लेमर इथे १९२० मध्ये सुरू झालेले वाफेवरचे पाणी उपसा केंद्रही वारसा यादीत आहे. या भागात रेल्वेने फिरणे गैरसोयीचे आहे, म्हणून एक दिवस चालकासह गाडी घ्यावी.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. मुक्काम लायडन किंवा हार्लेमला ठेवावा, आणि हॉटेलात लिफ्ट आहे का हे विचारूनच घ्यावे, कारण जुन्या डच इमारतींचे जिने शिडीसारखे असतात. एप्रिलमध्ये ऊन असले तरी वारा बोचरा असतो. छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट उपयोगी पडते. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. बहुतेक मुक्काम नेदरलँड्समध्ये असल्याने अर्जही तिथलाच करावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा. व्हिसाची वेळ आणि संग्रहालयांची तिकिटे जितकी लवकर घ्याल तितके चांगले. नोर्डोस्टपोल्डरला जाण्याचा दिवस मात्र मोकळा ठेवावा. नेदरलँड्सला पोचल्यावर कोणती शेते फुलली आहेत आणि कोणत्या दिवशी ऊन आहे, हे पाहून आदल्या संध्याकाळी गाडी सांगावी.