झाडावरचा माल

वरुड, रविवार रात्र

बापू,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. चाळीस डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावांची, यादीही पाहिली. मेहनत घेतलीस, ते दिसतं. पण खाली जो बेत लिहिलास, त्यावर मला बोलायचंय. मुदत संपलेलं नाव डिलीट व्हायच्या आधीच, तसंच नाव वापरणाऱ्या लोकांना मेल टाकायचा, ‘हे डोमेन मोकळं होतंय, वीस हजार द्या’ म्हणायचं, आणि कोणी हो म्हटलं की मग ते धरायला धावायचं! फोनवर तू मधातच तोडतोस, म्हणून लिहितो.

तू संत्र्याच्या घरचा आहेस. आंबियाचा बगीचा झाडावरच विकला जातो हे तुला मी सांगायला नको. व्यापारी येतो, झाडं फिरून पाहतो, इसार देतो. पण इसार घेतो कोण? ज्याचा सातबारा तो. तू दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभा राहून इसार मागायला निघालास, आणि मालक अजून बगीच्यातच आहे.

तो तिथं कसा, ते पाहा. डॉट कॉमची मुदत आज संपली म्हणून नाव आज सुटत नाही. आधी जास्तीत जास्त ४५ दिवस ते रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, हातात असतं. बहुतेक रजिस्ट्रार या काळात मालकाला रिन्यू करू देतात, आणि त्याच वेळी नाव लिलावालाही लावतात. मालक जागा झाला तर लिलाव जिंकणाऱ्याला पैसे परत, नाव नाही. रजिस्ट्रारनं डिलीट केलं की ३० दिवस रिडेम्प्शन. तेव्हाही सोडवायचा हक्क जुन्याच मालकाचा, फक्त भुर्दंड जबर. शेवटचे ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे पुसलं जायची वाट पाहणं. त्या पाच दिवसांत मात्र मालकालाही काही करता येत नाही. मग नाव सुटतं, आपल्याकडे साधारण मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे तू डोळे चोळत मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसशील तेव्हा.

आणि तेव्हाही ते तुला मिळणार नाही. ही नावं धरणाऱ्या कंपन्यांकडे रजिस्ट्रारचे ढीगभर परवाने असतात, त्या सेकंदाच्या आत शेकडो मागण्या मारतात. आपण त्यांच्याकडे बॅकऑर्डर, म्हणजे ‘सुटलं की माझ्यासाठी धरा’ अशी आगाऊ मागणी, लावायची, बस. त्याच नावावर आणखी कोणी लावली असेल तर पुन्हा लिलाव. शिवाय खरं चांगलं नाव इथवर येतच नाही, रजिस्ट्रारच्या लिलावातच उचललं जातं. खाली उरते ती फळगळ. मग वीस हजारांचा शब्द तू कशाच्या जोरावर देणार? समोरच्यानं पैसे आधीच पाठवले आणि नाव हाती लागलं नाही, तर त्याला धंदा नाही म्हणत, टोपी घालणं म्हणतात.

आता माझं सांगतो, हसू नको. सेतूचं दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी इकडच्याच एका कलमांच्या नर्सरीचं नाव सुटलेलं दिसलं. रिन्यूच्या सूचना भाच्याच्या ईमेलवर जायच्या आणि भाचा पुण्याला. मी नाव घेतलं हजाराच्या आत, आणि त्यांना फोन करून आठ हजार सांगितले. म्हातारा मोटारसायकलवर आला, चहा घेतला नाही. शंभराच्या नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या, पावती मागितली आणि गेला. मला वाटलं, जमलं! त्या खरिपात त्यांच्या गावातून पीकविम्याचा एकही फॉर्म माझ्याकडे आला नाही. शेजारच्या सेतूसमोर रांग लागायची, मी आपला पंखा पाहत बसायचो.

हा झाला गावचा न्याय. कायद्याचाही आहे. डॉट कॉमच्या वादांसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाचं धोरण आहे. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव त्यालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकायचं म्हणून घेतलं असेल, तर तोच बदहेतूचा पुरावा, असं त्यात चक्क लिहिलंय. नाव जातं, पैसेही. डॉट इनसाठी ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं वेगळं धोरण आहे, तिथंही यापेक्षा वेगळं ऐकायला मिळणार नाही. जुन्या नावाच्या पुण्याईवर गूगलमध्ये वर यायचा तुझा दुसरा बेत तर सोडूनच दे. मार्च २०२४ पासून गूगल त्याला स्पॅमच धरतं.

म्हणजे धंदाच नाही का? आहे, पण बारीक आहे. कोणाच्या आडनावाचं, दुकानाचं, ब्रँडचं नसलेलं नाव घे, साध्या शब्दाचं, कोणालाही चालेल असं. घ्यायच्या आधी वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर, त्याचा जुना अवतार पाहा, कारण मधल्या मालकानं सट्ट्याची साइट चालवलेली असली तर तो डाग तुझ्या गळ्यात. आधी घे, मग विक. वर्षाला दहा घेतलीस आणि दोन खपली तर खूप झालं. बाकी आठांचा रिन्यूचा खर्च त्या दोनांतून निघतो का, ते आधी कागदावर मांड. तुझ्या चाळीसपैकी माझ्या मते तीनच तशी आहेत, त्यांना पेन्सिलनं टिक केलीय.

विसरणारे फक्त खेड्यातले असतात असंही समजू नको. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम, ज्यावरून हॉटमेलचं लॉगिन चालायचं ते नाव, रिन्यू करायला विसरली आणि नाताळात लोकांचं हॉटमेल अडलं. टेनेसीतल्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. नाव बळकावलं नाही, त्यांचंच बिल भरलं. कंपनीनं नंतर त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला.

तुझ्या यादीत सतरावं नाव राळेगावकडच्या एका जिनिंगचं आहे. मी स्टेटस पाहिलं, रिडेम्प्शनमध्ये आहे. मालकाचं नाव नोंदीत झाकलेलं आहे, पण वेबॅक मशीनवर त्यांच्या जुन्या पानाच्या तळाशी, कापसाच्या बोंडाच्या चित्राखाली, लँडलाइन नंबर आहे. मंगळवारी चारनंतर दुकानी ये. लाइट असली तर तिथूनच, नाहीतर टपरीवर बसून फोन लावू. बोलायचं तू. मी बाजूला बसतो.

तुझा,
काका

ता.क. त्या लोकांना अजून मेल गेले नसतील तर पाठवू नको. गेले असतील तर कोणाकोणाला, ती यादीही आण.